मुंबईचें इंग्रजी नाणें आणि १६७४ चें एक कलम

शिवकालीन तहांवर लिहितांना ‘रायगडावर इंग्रजी नाणें नाकारिलें गेलें’ एवढेंच सांगून पुढें जाण्याचा प्रघात पडला आहे. हें विधान खोटें नाहीं. परंतु तें अपुरें असल्यामुळें त्यावरून चुकीचीं अनुमानें निघतात.

१६७४ सालीं राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून वकिलीवर आला. मुंबईचें नाणें स्वराज्यांत चालावें, अशी त्याची एक मागणी होती. तीवर मिळालेल्या उत्तराचा आशय त्याच्याच वृत्तांतांत आहे : ज्या नाण्यांत रयतेस तोटा येईल तें घेण्याची सक्ती करितां येणार नाहीं, मात्र तें कसास व तोलास मोगली नाण्याच्या बरोबरीचें असल्यास त्यास मनाईही होणार नाहीं. म्हणजे महाराजांनीं नाकारिली ती सक्ती. नाण्याचा निवाडा त्यांनीं कसोटीवर सोंपविला.

दुसरा विचार कालक्रमाचा. मुंबईची टांकसाळ जेराल्ड ऑंजियरच्या कारकीर्दींत १६७२ सालीं सुरू झाली. दुसऱ्या चार्ल्सची सनद १६७६ ची, आणि ‘बॉम्बेम’चा रुपया १६७७ चा. सबब १६७४ च्या कलमाशेजारीं हा रुपया पुरावा म्हणून मांडतां येत नाहीं. तेथें विचार करावयाचा तो त्यापूर्वींच्या ‘अँग्लिना’ नामक चांदीच्या नाण्याचा.

पुढें बाजाराचा कलही त्याच उत्तरास अनुकूल दिसतो. १७१७ सालीं फर्रुखसियरच्या फर्मानानें परवानगी मिळाल्यावर कंपनीनें मुंबईस बादशहाच्या नांवाचे फारसी अक्षरांचे रुपये पाडिले. इंग्रज राजाच्या मुखवट्याचा, १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आला तो १८३५ सालीं.

म्हणूनच संग्राहकांची एक आवड आम्हांस घातक वाटते. इंग्रजी अक्षरांचा दुर्मिळ रुपया काचेखालीं जपला जातो; सराफांचे छाप पडलेला मुंबईचा फारसी रुपया मात्र घांसून लख्ख होतो किंवा मुशींत जातो. वस्तुतः कस पाहून नाणें हातोहात फिरल्याची साक्ष त्या छापांतच आहे.

मुंबईचें चलन कोठवर पोंचलें हें ठरविण्यास महाराजांनीं १६५७ सालीं घेतलेला कल्याण-भिवंडी प्रांत महत्त्वाचा आहे. त्यांतील दापोडें आदि गांवांची जमीन आज गोदामांखालीं जात आहे. पाया खणतांना जुनीं नाणीं निघाल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस खबर द्यावी. ठिकाण, संख्या, वजन व छाप यांची नोंद होण्यापूर्वीं एकही नाणें घांसूं नये, व त्यांची वांटणी तर मुळींच करूं नये.