‘काही मिनिटांत’: अन्नातील जिवाणूंची नॅनो-चाचणी आणि तिची भाषा

७ जानेवारी २०२४ रोजी उज्जैनच्या महाकाल लोक परिसरात ‘प्रसादम्’ ही देशातील पहिली आरोग्यदायी व स्वच्छ खाद्यगल्ली म्हणून सुरू झाली. २०२८ मध्ये येथे सिंहस्थ आहे. जेथे दिवसाला लाखोंच्या पंक्ती उठायच्या, तेथे अन्नाच्या नमुन्याचा अहवाल चार-पाच दिवसांनी हाती येणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्यामुळे नॅनोकणांच्या झटपट चाचण्यांवरील लेखन आपण अध्यापक उत्सुकतेने वाचतो. मात्र मराठी असो वा उर्दू, अशा लेखनात ‘काही मिनिटांत निदान’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप त्यावर आहे.

पट्टीचे तत्त्व खरे आहे आणि देखणेही. साधारण ४० नॅनोमीटरचे सुवर्णकण प्रतिपिंडांनी मढवलेले असतात. ते जिवाणूला चिकटतात, द्रवाबरोबर पट्टीवर सरकतात, पुढे दुसऱ्या प्रतिपिंडांच्या रेषेवर अडकतात आणि लाल रेघ उमटते. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे द्रव लाल दिसतो, हे फॅरडेने १८५७ मध्येच मांडले होते. दोन मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूच्या पाठीवर असे ५० कण एका ओळीत बसतील. (उर्दूतील ‘ज़र्रा’ मला येथे ‘कणा’पेक्षा जवळचा वाटतो, ते असो.)

अडचण संख्येची आहे. रेघ डोळ्यांना दिसण्यासाठी दर मिलिलिटरमागे साधारणपणे लाखभर जिवाणू लागतात. साल्मोनेलाची कसोटी मात्र अशी की, २५ ग्रॅम नमुन्यात एकही असता कामा नये. म्हणून ते २५ ग्रॅम २२५ मिलिलिटर पोषक द्रवात घालून उबदार ठेवतात. त्यात एकच जिवाणू असला आणि तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होत गेला, तरी लाखाचा पल्ला गाठायला पंचवीस दुपटी, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. शिवाय आरंभी काही काळ तो वाढतच नाही. मिनिटे लागतात ती पट्टीला. चाचणीला रात्र लागते. प्रतिपिंड लावलेले चुंबकीय कण जिवाणूंना मोठ्या द्रवातून ओढून एकत्र आणतात, तेव्हा ही रात्र आखूड होते. माझ्या मते या क्षेत्रातील खरे कौतुकाचे काम तेच. पण त्याला लेखांत जेमतेम एक ओळ मिळते.

याहून गंभीर दोष ‘आढळले नाहीत’चे ‘नाहीत’ असे भाषांतर करण्याचा. पट्टी कोरी राहिली तर जिवाणू तिच्या मर्यादेखाली होते, एवढेच कळते. उलट, मेलेल्या जिवाणूलाही ती रेघ देऊ शकते. स्टॅफिलोकॉकसचे विष तर उकळल्यावरही टिकते. जिवाणू मरतो, उलट्या थांबत नाहीत. वसतिगृहाच्या भटारखान्यात रात्रीचा भात सकाळी वाढायचा की नाही, हे असल्या वाक्यावरून ठरू लागले तर चूक केवळ व्याकरणाची राहत नाही.

वर्गात भाषांतरासाठी हा विषय घेतल्यास वाक्य असे लिहून घ्यावे: ‘नमुना रात्रभर वाढवल्यानंतर पंधरा मिनिटांत पट्टी वाचता येते, या पद्धतीने साल्मोनेला आढळला नाही.’ लांब होते, होऊ द्यावे.