बदल दिसला म्हणजे भूमिका सिद्ध झाली का? डुकरिणीचा पीतपिंड आणि मायक्रोआरएनए

गर्भारपणाच्या सुरुवातीला डुकरिणीच्या अंडाशयात कोणते मायक्रोआरएनए वाढतात, कोणते घटतात, यावर बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांतील मोजमापे उपयोगी आहेत; निष्कर्ष मात्र तपासून घ्यावे लागतात.

डुकरिणीचे माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते. गर्भ नसेल तर पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून येणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळे पीतपिंड झिजू लागतो. गर्भ असेल तर तो ११-१२ व्या दिवशी इस्ट्रोजेन सोडतो. पीतपिंड टिकतो आणि त्याचे प्रोजेस्टेरॉन सुमारे ११४ दिवसांचे गर्भारपण सांभाळते.

पहिला आक्षेप तुलनेचा आहे. पंधराव्या दिवशी गाभण आणि रिकाम्या डुकरिणींचे पीतपिंड तपासले, तर एक टिकून आहे आणि दुसरा झिजतो आहे. मग मायक्रोआरएनएमधील फरक हे टिकण्याचे कारण की टिकल्याचा परिणाम? नुसती यादी हे सांगत नाही. बाराव्या दिवसाची तुलना अधिक न्याय्य, कारण तेव्हा दोन्ही पीतपिंड कार्यरत असतात.

दुसरा आक्षेप लक्ष्य-जनुकांच्या अंदाजाचा. मायक्रोआरएनए सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा असला, तरी संगणक मुख्यतः ६ ते ८ अक्षरांची जुळणी शोधतो. सात अक्षरांचे ४^७ = १६,३८४ क्रम संभवतात. प्रत्येक जनुकाचा १,००० अक्षरांचा पट्टा आणि २०,००० जनुके धरली, तर निव्वळ योगायोगाने सुमारे १,२०० जुळण्या मिळतील. त्यांत प्रोजेस्टेरॉनशी संबंधित जनुके सापडली, तर नवल नाही. इतर चाळण्या लावल्याने हा आकडा घटतो, शून्य होत नाही.

पुरावा हस्तक्षेपातून मिळतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मायक्रोआरएनए घडवणारे डायसर कमी असलेल्या उंदरिणींच्या पीतपिंडात रक्तवाहिन्या नीट वाढल्या नाहीत. दोन मायक्रोआरएनए अंडाशयात टोचल्यावर त्या अंशतः सुधारल्या. डुकरांतही २०१९ मध्ये इस्ट्रोजेन बनवू न शकणारे गर्भ तयार केले, तेव्हा पीतपिंड सुरुवातीला टिकला. गर्भारपण मात्र पुढे तगले नाही. म्हणजे कित्येक दशके मान्य असलेला इस्ट्रोजेनचा सिद्धान्तही हस्तक्षेप होताच दुरुस्त करावा लागला. मग केवळ यादीवर किती भिस्त ठेवायची?

अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशी खुली माहिती प्रकल्पासाठी घेतात. त्यांनी ‘संबंध आढळला’ एवढेच लिहावे आणि निष्कर्ष पशुवैद्यकाला दाखवावा. भिलाईकरांना त्यासाठी दुर्गजवळ अंजोऱ्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. ‘भूमिका’ हा शब्द प्रयोगानंतरच वापरावा.