देवनागरी पत्ते आणि अर्ध्या ‘ऱ’ची कसोटी

इंटरनेटवरील स्थळांचीं नांवें प्रथम केवळ रोमन अक्षरें, अंक आणि संयोगरेषा यांवर बेतलेलीं होतीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘प्युनीकोड’ पद्धतीनें इतर लिप्यांना तेथें वाट मिळाली. २०१० सालीं इजिप्त, सौदी अरेबिया, रशिया आदि देशांचीं नांवें त्यांच्या लिप्यांत दाखल झालीं, आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजीं ‘.भारत’ हें देवनागरी उपपद सुरू झालें. त्याचें स्वागत पुष्कळांनीं केलें, आम्हीही करतों. परंतु स्वागत म्हणजे परीक्षण नव्हे.

आपण पत्ता देवनागरींत लिहिला तरी यंत्र तो आंत रोमन अक्षरांच्या सांकेतिक शब्दांत बदलून घेतें. कित्येक अभिमानी मंडळींस हा लिपीचा अपमान वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. तारेच्या खटखटींतून गेलेला निरोप कांहीं परका होत नसे. तो जसाच्या तसा पोंचला कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

खरी उणीव येथेंच होती. ‘ऱ्य’मधील अर्धा ‘र’ संगणकावर लिहिण्याची एक रीत अदृश्य जोडचिन्हाची आहे. २००३ च्या नियमांनीं तें चिन्ह पत्त्यांतून गाळून टाकलें. तें गळतांच ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होई. सह्याद्रीच्या दऱ्या समुद्रांत बुडत, आणि ‘आचाऱ्यास’ धाडलेलें बोलावणें ‘आचार्यास’ जाई! २०१० च्या सुधारित नियमांनीं हें चिन्ह अटींवर मान्य केलें. शिवाय नुक्त्याचा ‘ऱ’ योजल्यास त्याची गरजही उरत नाहीं. पण त्यांतून दुसरी अडचण निघाली. दोन्ही रीतींनीं लिहिलेला शब्द डोळ्यांस एकच दिसतो, यंत्रास मात्र ते दोन शब्द वाटतात. अशा सारखेपणाचा लाभ लबाडास सहज उठवितां येतो. म्हणून कोणती रीत ग्राह्य, हें ठरवून पाळलें पाहिजे.

‘.भारत’ची देवनागरी एकट्या मराठीची नव्हे. हिंदी, कोंकणी, मैथिली, नेपाळी वगैरे आठ भाषांसाठीं ती योजिली होती. सामायिक घरांत आपली गरज आपणच बोलून दाखवावी लागते; शेजाऱ्यानें ती ओळखावी ही अपेक्षा व्यर्थ होय. आमचें म्हणणें इतकेंच कीं, लिपीचा मान तिचीं अक्षरें पाटीवर झळकण्यांत नाहीं, तर त्या अक्षरांनीं जपलेले अर्थभेद शाबूत राहण्यांत आहे. ज्या पत्त्यांत दर्या आणि दऱ्या निरनिराळ्या राहतील, तोच पत्ता खऱ्या अर्थानें मराठी म्हणावयाचा.