शिक्क्याचे उत्तरदायित्व : ‘पेपर्स, प्लीज’ आणि ‘राजी’ या खेळांतील संवादी कथन

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयीन चर्चेत येतो तो बहुधा विद्यार्थ्यांच्या वेळेचा अपव्यय म्हणून किंवा एक वाढता उद्योग म्हणून. कथनाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक पाहता 1997 मध्ये जॅनेट मरे व एस्पेन आर्सेथ या दोन अभ्यासकांचे ग्रंथ प्रकाशित झाले, तेव्हापासून पाश्चात्त्य विद्यापीठांत या प्रकाराची गंभीर मीमांसा सुरू आहे. ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला केवळ पाने उलटण्यापलीकडचे परिश्रम करावे लागतात, तिचा वेगळा विचार व्हावा, हे आर्सेथ यांचे म्हणणे. तर अशा कथनात वाचकाला लाभणारे कर्तेपण हा मरे यांच्या विवेचनाचा एक प्रमुख मुद्दा होय.

हे कर्तेपण नेमके कशात असते? खेळाडूपुढे किती पर्याय ठेवले यात, की त्याच्या कृतीला कथेत किती वजन दिले यात? प्रस्तुत लेखात ‘पेपर्स, प्लीज’ (2013) व पुण्यात निर्माण झालेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (2020) या दोन खेळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रसविचार आणि खेळाडूचे स्थान

भारतीय काव्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगताना स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक विघ्न मानले. प्रेक्षक शोक अनुभवतो, परंतु तो शोक त्याचा व्यक्तिगत नसतो. म्हणूनच तो आस्वाद्य ठरतो. मॅकबेथच्या हातून राजाची हत्या होते तेव्हा प्रेक्षकाला भय वाटते, करुणा वाटते. परंतु हत्येचा अपराधभाव त्याला स्पर्श करीत नाही, कारण कृत्य त्याचे नसते.

संवादी कथनात नेमकी हीच चौकट बदलते. पात्राच्या हातून घडणारी कृती खेळाडूच्या बोटांनी घडते. त्यामुळे लज्जा, पश्चात्ताप, अपराधभाव यांसारखे कर्त्यालाच होणारे भाव येथे आस्वादकाच्या वाट्याला येऊ शकतात. हा रससिद्धान्ताचा पराभव नव्हे. त्याच्या मर्यादारेषेवर उभा असलेला हा एक नवा अनुभव आहे.

‘पेपर्स, प्लीज’ : नियम हेच कथन

हा खेळ ल्यूकस पोप या निर्मात्याने जवळजवळ एकहाती घडविला. प्रवासात वारंवार अनुभवलेल्या पारपत्र-तपासणीतून त्याला ही कल्पना सुचली. आर्स्टोत्झ्का हा कल्पित देश, काळ 1982. सोडतीत नाव निघाल्यामुळे नायकाला सीमेवरील तपासनिसाची नोकरी मिळते. समोर येणाऱ्या प्रत्येकाची कागदपत्रे पडताळून प्रवेशाचा किंवा नकाराचा शिक्का मारणे, एवढेच खेळाडूचे काम. कोणतेही साहस नाही, युद्ध नाही.

योग्य रीतीने तपासलेल्या प्रत्येक माणसामागे 5 क्रेडिट मिळतात. दिवसाअखेर त्यांतून घरभाडे, अन्न व उष्णता यांचा खर्च भागवायचा असतो. घरी पत्नी, मुलगा, सासू आणि मामा आहेत. पैसे कमी पडले तर ते आजारी पडतात, मरतातही. नियम मात्र दिवसागणिक वाढत जातात. टेबल लहान, कागद एकमेकांवर पडलेले आणि घड्याळ पुढे सरकत असलेले. अशा स्थितीत खेळाडू हळूहळू माणसाच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडतो व केवळ तारखा, मोहोरा आणि छायाचित्रे पाहू लागतो. नोकरशाहीत माणूस कसा बोथट होत जातो, याचे वर्णन कादंबरीकार करू शकतो. येथे वर्णन नाही, खेळाडू स्वतःच बोथट होतो.

प्रारंभीच्याच एका दिवशी एक गृहस्थ येतो. त्याची कागदपत्रे निर्दोष असतात. मागून पत्नी येत आहे, तिच्याशी दयेने वागावे, एवढे सांगून तो निघून जातो. पत्नीजवळ प्रवेशपरवाना नसतो. मायदेशी परतल्यास आपला जीव जाईल, असे ती सांगते. नियम स्पष्ट आहे, आणि शिक्का खेळाडूच्या हातात आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते. दंड सुरू होतो तो तिसऱ्या चुकीपासून. म्हणजेच या व्यवस्थेत दयेसाठी दिवसाला दोन जागा शिल्लक आहेत. परंतु त्या जागा निष्काळजीपणाने झालेल्या चुकांतच खर्ची पडल्या, तर त्या स्त्रीसाठी काही उरत नाही. करुणा परवडण्यासाठी आधी काम चोख असावे लागते, हा कठोर विचार कोणत्याही पात्राच्या मुखातून न येता केवळ दंडाच्या कोष्टकातून व्यक्त होतो. पुढे एक पहारेकरी अटक केलेल्या माणसांमागे मिळणाऱ्या बक्षिसातील हिस्सा देऊ करतो. तेव्हा किरकोळ त्रुटी असलेल्या माणसाला परत पाठवावे की तुरुंगात धाडावे, या निर्णयात घरच्या भाड्याचा हिशेब मिसळतो. भ्रष्टाचार येथे खलपुरुषाच्या रूपाने येत नाही, तर महिनाअखेरीच्या ओढाताणीच्या रूपाने येतो.

नियमांतून नीतिविचार मांडण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. मोक्षपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पटावर सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते आणि दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. मात्र तेथे सोंगटी कोणत्या घरात पडणार हे दान ठरवते. खेळणारा पाप करीत नाही, पाप त्याच्या वाट्याला येते. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये दानाची ही ओट नाही.

‘राजी’ : दैवतांचे निवेदन आणि हाताचे काम

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ भारतीय निर्मितीतील महत्त्वाचा टप्पा होय. 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. राखीच्या सणात असुरांचे आक्रमण होते, राजीचा धाकटा भाऊ गोलू पळविला जातो आणि दुर्गेकडून मिळालेले त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रशैलीची रंगसंगती व छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सादर केलेले कथाभाग यांमुळे खेळाला स्वतःचा चेहरा लाभला आहे. भारतीय मिथके येथे परक्या नजरेतील नवलाई म्हणून येत नाहीत, हे त्याचे निःसंशय श्रेय आहे.

तथापि कथनाच्या दृष्टीने एक उणीव जाणवते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून राजीचे दुःख व तिचे धैर्य सांगितले जाते. खेळाडूच्या हाताला मात्र मुख्यतः उड्या मारणे व लढणे हेच काम उरते. भगिनीप्रेम ऐकावे लागते, करावे लागत नाही. खेळ आणि कथा यांच्यातील अशा दुराव्याकडे क्लिंट हॉकिंग या खेळरचनाकाराने 2007 मध्येच ‘बायोशॉक’च्या संदर्भात लक्ष वेधले होते. याला अपवाद आहे तो मंडलाकार कोड्यांचा. विखुरलेली वर्तुळे फिरवून चित्र जुळवताना राजीच्या भावाविषयीच्या आठवणी उलगडतात. तेथे हात आणि मन एकाच कामात गुंततात, आणि खेळाचे सामर्थ्य क्षणभर प्रकट होते.

‘राजी’ची कथा एकाच मार्गाने जाते हा दोष नव्हे, महाकाव्यालाही एकच मार्ग असतो. दोष आहे तो मूळ भाव कृतीऐवजी निवेदनावर सोपविण्यात.

मर्यादा

‘पेपर्स, प्लीज’ही निर्दोष नाही. त्यात 20 शेवट आहेत, आणि मागील कोणत्याही दिवसापासून खेळ पुन्हा सुरू करता येतो. परवाना नसलेल्या त्या स्त्रीला परत पाठविल्यावर तोच दिवस पुन्हा खेळून तिला आत घेता येते. केलेले कृत्य पुसता येत असेल, तर उत्तरदायित्व हलके होते. सगळे शेवट पाहण्याच्या छंदात माणसांची कोडी होतात. येथे पर्यायांची विपुलताच कृतीचे वजन घटविते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की संवादी कथनाची गुणवत्ता पर्यायांच्या संख्येवर अवलंबून नसते. खेळाडूची कृती आणि कथेचा आशय यांची सांगड ज्या प्रमाणात बसते, त्या प्रमाणात ते कथन समर्थ ठरते. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये एक साधा शिक्का जे साधतो, ते ‘राजी’तील दैवी शस्त्रांना क्वचितच साधते, मात्र मंडलाच्या कोड्यांत ‘राजी’नेही ती वाट दाखविली आहे.

साहित्याच्या अध्यापकांच्या दृष्टीने या प्रकाराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. अर्ज, दाखले, हजेरीपट आणि प्रवेशयाद्या यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना त्या लहानशा टेबलावरील कोंडी अपरिचित वाटणार नाही. नियमाप्रमाणे मारलेल्या शिक्क्यालाही कर्ता असतो, हे विधान निबंधात वाचणे वेगळे आणि समोरच्या माणसाचे पारपत्र परत करताना अनुभवणे वेगळे. हा दुसरा अनुभव देऊ शकणाऱ्या कथनप्रकाराला समीक्षेने आपल्या कक्षेबाहेर ठेवणे योग्य ठरणार नाही.