सांधा दिसला पाहिजे : स्थलांतरितांच्या कोलाजकलेचा आढावा

देश सोडणारा माणूस आधी कागदपत्रे सांभाळतो. पासपोर्ट, जन्माचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रे यांना पिशवीत पहिली जागा मिळते. फोटोंचा अल्बम, आजीची पत्रे, लग्नातले लुगडे मागे राहते, आणि मागे राहिलेले बहुधा पुन्हा हाती लागत नाही. दोन पिढ्यांनी नातवंडे विचारू लागतात, आपण मूळचे कुठले? तेव्हा घरात दाखला सापडतो, चेहरा सापडत नाही. या उणिवेतून गेल्या शंभर वर्षांत एक मोठी कला उभी राहिली आहे. तिचे माध्यम आहे कोलाज.

आज या कलेला मान आहे. 2019 मध्ये एडिनबरा येथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने कोलाजच्या चारशे वर्षांचे प्रदर्शन भरवले. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या फ्रिस्ट संग्रहालयाने समकालीन कृष्णवर्णीय कलावंतांच्या कोलाजचे मोठे प्रदर्शन मांडले. पण मान मिळाला की मागोमाग अनुकरणही येते. पिवळट फोटो, पोस्टाचे तिकीट, नकाशाचा तुकडा एकत्र चिकटवला की ‘मुळांचा शोध’ झाला, असे मानणारी चित्रे ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. म्हणून डावे-उजवे करण्याची हीच वेळ आहे. माझी कसोटी एकच आहे. दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे कलावंताने काय केले? सांधा लपवला, की पाहणाऱ्यापुढे उघडा ठेवला? जे हरवले आहे त्याची खूण त्या सांध्यातच उरते.

आधुनिक कोलाजची सुरुवात 1912 ची. पिकासोने वेताची जाळी छापलेले मेणकापड चित्रावर चिकटवले आणि भोवती दोरीची चौकट केली. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतकागद कापून चित्रात घेतला. चित्रात खरे काय आणि भासमान काय, एवढाच त्या दोघांपुढचा प्रश्न होता. परागंदा माणसाच्या हातात या तंत्राला वेगळे वजन आले ते कुर्ट श्विटर्सपासून. हानोवर शहरात हा माणूस ट्रामची तिकिटे, वेष्टने, छापखान्यातली रद्दी गोळा करून चित्रे रचत असे. घराच्या खोल्याच त्याने वर्षानुवर्षे एका प्रचंड रचनेत बदलत नेल्या होत्या. नाझी राजवटीमुळे 1937 च्या जानेवारीत तो नॉर्वेला निघून गेला. 1940 मध्ये जर्मन फौजा तिथेही पोहोचल्या, तेव्हा तो ब्रिटनला गेला, आणि ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत स्थानबद्ध झाला. 1943 मध्ये हानोवरवर दोस्तांचे बॉम्ब पडले, त्यात घरातली ती रचना नष्ट झाली. 1944 मध्ये हानोवरमध्येच राहिलेली पत्नी वारली. 1948 च्या जानेवारीत तोही इंग्लंडमध्ये वारला.

त्याची अखेरच्या वर्षांतली कोलाज पाहिली की थक्क व्हायला होते. जिथे पूर्वी जर्मन अक्षरे होती तिथे आता इंग्रजी बसतिकिटे आहेत, मिठाईची वेष्टने आहेत, अमेरिकेतल्या मैत्रिणीने पाठवलेल्या चित्रकथांची पाने आहेत. गेलेल्या घराचे रडगाणे कुठेच नाही. माणूस उपरा आहे हे त्याच्या हातात येणाऱ्या कागदांवरूनच कळते. आज या विषयावर काम करणाऱ्यांनी श्विटर्सकडून पहिला धडा घ्यावा तो हाच. ओळख नेहमी जुन्या पेटीतूनच निघते असे नाही, कालच्या तिकिटातही ती असते.

या परंपरेतला पुढचा मोठा कलावंत अमेरिकेतला रोमेअर बेअर्डन. त्याचा जन्म 1911 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट शहरात झाला. तो लहान असतानाच कुटुंब उत्तरेला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आले. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी अमेरिकेचा दक्षिण भाग सोडला. देशाची सीमा न ओलांडताही माणूस निर्वासित होतो, हे त्या लोंढ्याने दाखवले. बेअर्डनने 1964 मध्ये छोटी कोलाज करून फोटोतंत्राने ती मोठी केली आणि ‘प्रोजेक्शन्स’ या नावाने मांडली. त्यातल्या एखाद्या चेहऱ्यापाशी थांबून पाहावे. एक डोळा मासिकातल्या फोटोचा, दुसरा त्याहून दुप्पट आणि भलत्याच माणसाचा, नाक आफ्रिकी मुखवट्याचे, हात धडापेक्षा मोठा. कात्रीची धार कुठेही पुसलेली नाही. तरी तो चेहरा विद्रूप वाटत नाही, ओळखीचा वाटतो. ज्या समाजाच्या पूर्वजांची नोंद मालकांच्या हिशेबवह्यांत मालमत्ता म्हणून झाली, त्या समाजाचा पूर्वज असाच अनेकांतून जुळवावा लागतो. 1971 चे ‘द ब्लॉक’ हे सहा भागांचे, जवळपास अठरा फूट लांबीचे चित्र याच पद्धतीने हार्लेमची एक गल्ली उभी करते. भिंती कापून आतली माणसे दाखवते, आणि एका घराऐवजी सगळी वस्तीच वारसा म्हणून पुढे ठेवते.

आजच्या पिढीत या कलेला सर्वांत परिपक्व रूप दिले ते न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बीने, असे माझे मत आहे. 1983 मध्ये नायजेरियातल्या एनुगूत जन्मलेली ही चित्रकार 1999 मध्ये अमेरिकेला गेली. तिचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. फोटोची प्रत कागदावर उलटी ठेवायची, मागून द्रावणाने भिजवायची आणि घासायची. शाई खालच्या कागदावर उतरते, पण थोडी फिकी होऊन आणि डावे-उजवे बदलून. म्हणजे उतरलेली प्रतिमा मूळ प्रतिमेपेक्षा एक पाऊल दूरच राहते. लांबून पाहावे तर टेबल, खुर्ची, बसलेली बाई, असा साधा दिवाणखाना. जवळ जावे तर जमीन, भिंत, कधी अंगावरचे कपडेही शेकडो छोट्या फोटोंनी भरलेले दिसतात. नायजेरियन मासिकांतले गायक, जाहिराती, लष्करी राज्यकर्ते, घरातले समारंभ. तिची आई डोरा अकुन्यिली बनावट औषधांविरुद्ध लढलेल्या सरकारी अधिकारी म्हणून देशभर प्रसिद्ध होत्या. त्यांचा चेहरा छापलेले कापडही या चित्रांत येते. घरातली आई आणि देशाने पाहिलेली आई एकाच कापडावर भेटतात. इथे सांधा लांबून दिसत नाही, पाच पावले पुढे आल्यावर उलगडतो. नव्या देशात वावरणाऱ्या माणसाची अवस्था नेमकी अशीच असते. रस्त्यावरच्या माणसाला तो इथलाच वाटतो, घरी आलेल्या पाहुण्याला कळते की भिंतीत दुसराच देश भरलेला आहे.

नैरोबीत जन्मलेल्या वांगेची मुटूने मात्र सांध्याला जखमेचे रूप दिले. स्त्रीरोगांच्या जुन्या वैद्यकीय चित्रांवर तिने फॅशनच्या मासिकांतले ओठ, डोळे, कातडीचे तुकडे चिकटवून चेहरे घडवले. वसाहतीच्या नजरेने आफ्रिकी बाईच्या शरीराचे केलेले तुकडे ती तुकड्यांनीच परतवते.

यापेक्षा बिकट स्थिती ज्यांच्याकडे अल्बमच नव्हता त्यांची. 1838 ते 1917 या काळात सुमारे 2 लाख 39 हजार हिंदी मजूर करारावर ब्रिटिश गयानाला नेले गेले. त्यांची नावे जहाजांच्या याद्यांत वेडीवाकडी लिहिली गेली. फोटो निघाले तेही गोऱ्या छायाचित्रकारांच्या पोस्टकार्डांसाठी किंवा सरकारी ओळखीसाठी. गयानात जन्मलेली आणि आता अमेरिकेत राहणारी सुचित्रा मत्ताई म्हणून फोटोच्या मागे फारशी लागत नाही. नेसून जुन्या झालेल्या साड्या ती नातेवाइकांकडून, ओळखीपाळखीतून गोळा करते, त्यांच्या पट्ट्या विणून भिंतभर पट करते, युरोपीय भरतकामाच्या जुन्या नमुन्यांत गव्हाळ बायका आणून बसवते. साडीवरचे डाग आणि विरलेली जरी तशीच राहते. ज्या बायकांचा चेहरा टिपला गेला नाही त्यांच्या अंगाचा स्पर्श तरी कापडात आहे, ही तिची भूमिका मला फार मोलाची वाटते. राज्यकर्त्यांनी काढलेला फोटो वापरणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे: ज्या बाईला कॅमेऱ्यापुढे उभे राहायला नकार देण्याचा अधिकार नव्हता, तिला मी पुन्हा एकदा भिंतीवर टांगतो आहे का?

भारतीयांपुरते बोलायचे तर विवान सुंदरम यांची ‘री-टेक ऑफ अमृता’ ही 2001-02 ची मालिका अजून मापदंड ठरावी. आजोबा उमरावसिंह शेरगिल यांनी बुडापेस्ट, सिमला, पॅरिस इथल्या घरांत काढलेले कृष्णधवल फोटो संगणकावर जोडून विवान यांनी कधीच न घडलेल्या भेटी घडवल्या. तरुण मावशी, चित्रकार अमृता शेरगिल, आणि विवान यांची आई इंदिरा, म्हातारे आजोबा आणि त्यांचेच तरुणपण, हंगेरियन आजी आणि आरसे. संगणकामुळे सांधा डोळ्याला दिसत नाही, पण वयांचा आणि सावल्यांचा न जुळणारा हिशेब तो उघडा पाडतो. अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना यांची ‘लेटर्स फ्रॉम होम’ (2004) ही छापचित्रे तांत्रिकदृष्ट्या कोलाज नसली तरी त्याच कुळातली आहेत. पाकिस्तानात राहणाऱ्या बहिणीची उर्दू पत्रे आणि त्यांवर काळ्या रेषांत घराचे नकाशे. अक्षर वाचायला जावे तर भिंत आडवी येते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे काम सिओना बेंजामिन यांचे. त्या मुंबईत वाढलेल्या बेने इस्राएली यहुदी, पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. ज्या समाजाची आडनावे पेणकर, किहीमकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांची, ज्याला अलिबागकडे शनिवार तेली म्हणत, त्यातले बहुतेक लोक 1948 नंतरच्या दशकांत इस्राएलला गेले. मागे उरलेल्यांचे फोटो काढून सिओना यांनी त्यांच्याभोवती नक्षी, प्रतीके, रंग यांची जोड दिली. काही ठिकाणी ही सजावट चेहऱ्यावर मात करते, आणि तिथे चित्र उणे पडते. पण घरातल्या कपड्यांतली एखादी आजीबाई जेव्हा चित्रात सरळ आपल्याकडे पाहते, तेव्हा मराठी आणि यहुदी यांपैकी एक निवडा, असे तिला सांगण्याची कोणाची छाती होणार नाही.

आता उणिवांकडे वळतो. आपल्याकडे कोलाज म्हटले की गोधडीची उपमा हमखास येते. ती अपुरी आहे. गोधडीतले तुकडे एकाच घरच्या अंगावरून उतरलेले असतात. स्थलांतरिताच्या कोलाजमधले पुष्कळ तुकडे परक्यांच्या मासिकातले, बाजारात विकत मिळालेले, सरकारी दप्तरातले असतात. ते घरचे नाहीत हे लपवले की चित्र खोटे बोलू लागते. परक्याची आजी विकत घेऊन आपली म्हणून टांगणे हा सगळ्यात मोठा दोष, आणि तो आज फार पसरला आहे. दुसरा दोष जुनेपणाचा मोह. मूळ फोटो स्वच्छ काळापांढरा असताना त्याला तपकिरी रंग चढवायचा, कडा जाळायच्या, हे वारशाचे सोंग आहे. तिसरा धोका नवा. 2021 पासून मृत माणसाच्या फोटोतल्या चेहऱ्याला हालते करून देणारी साधने सर्वांच्या हाती आली. आता तर फाटलेला कोपरा, पुसलेला चेहरा यंत्र क्षणात भरून देते. घरच्यांना त्यातून दिलासा मिळत असेल, त्याला माझी हरकत नाही. कलेत मात्र हा भराव मला मान्य नाही. यंत्राने बसवलेले नाक हजारो अनोळखी नाकांची सरासरी असते. बेअर्डननेही परक्यांचे डोळे घेतले, पण घेतले हे दाखवून घेतले.

महाराष्ट्राला या कलेसाठी कच्चा माल कमी नाही. मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आणि फोटो जपलेले आहेत, आणि मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसे त्यांत आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांत आलेल्या सिंधी कुटुंबांनी उल्हासनगर वसवले, त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला सिंध ऐकूनच ठाऊक आहे. परदेशी गेलेल्या मुलांच्या पुण्या-मुंबईतल्या बंद सदनिका दर वर्षी रिकाम्या होतात आणि अल्बम रद्दीत जातात. आपल्या कलाशाळांनी कोलाजला पहिल्या वर्षाचा कात्रणांचा सराव एवढीच जागा देणे थांबवावे. विद्यार्थ्याला घरच्या फोटोची पाठ वाचायला शिकवावे. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले साल, ‘ती. आईस’ अशी अक्षरे तिथे असतात, आणि मूळ फोटो गोंदाने चिकटवला की ती कायमची जातात. म्हणून आधी प्रत काढावी, तुकडा कुठून आला ते लिहून ठेवावे, आणि जे सापडले नाही त्याची जागा चित्रात मोकळी सोडावी. एवढी शिस्त पाळणारे दहा मराठी कलावंत पुढे आले, तर कोकणातून, सिंधमधून, गिरमिटाच्या जहाजातून निसटलेला इतिहास अभिलेखागाराबाहेर येईल आणि ज्यांचा आहे त्यांना पाहायला मिळेल. हे काम आपले आहे आणि ते आत्ताच हाती घ्यायला हवे, कारण त्या फोटोंतली माणसे ओळखणारे आज आपल्यात आहेत.