‘परवडत नाही’ या वाक्याचा अर्थ

अर्थसंकल्पावर अर्थतज्ज्ञानं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. पण अर्थसंकल्पात आकड्यांइतकेच शब्दही असतात आणि शब्द तपासणं हा आमचा जुना धंदा. आज एकच वाक्य तपासायचं आहे : ‘शासनाला परवडत नाही.’

आधी शासनाची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प बघा. एकूण आकार सुमारे ७ लाख कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी. कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. महसुली जमेतली निम्म्याहून अधिक रक्कम वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच संपते. माझं निवृत्तिवेतनही त्यातच आलं! तेव्हा तिजोरीवर ताण आहे, हे मान्य.

पण ‘ताण आहे’ हे एक विधान झालं आणि ‘म्हणून शाळा परवडत नाही’ हे दुसरं. पहिलं वस्तुस्थितीचं आहे, दुसरं मूल्यनिर्णयाचं. या दोहोंच्या मध्ये एक पायरी असते : आधी कशावर खर्च करायचा, हे ठरवण्याची. ती पायरी गाळली, की एका माणसानं घेतलेला निर्णय गणिताच्या उत्तरासारखा दिसू लागतो. आणि गणिताच्या उत्तराशी कोण भांडणार?

उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची योजना पुढे आली. अशा शाळा होत्या १४ हजारांहून अधिक आणि त्यांत मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. लहान शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळ होत नाहीत, असं कारण दिलं गेलं. त्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. पण शाळा लहान का आहे? वस्ती लहान आहे म्हणून. पाडा असेल, धनगरवाडा असेल, घाटातली वाडी असेल. शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली. कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले. म्हणजे अंतर मोजलं ते मुलाच्या पायांनी. हक्क त्या एकेका मुलाचा आहे. आणखी एकोणीस जण जमले तरच जो मिळतो, त्याला हक्क कसं म्हणायचं? बस देऊ म्हणतात. ठीक आहे. पण पावसाळ्यात वाडीपर्यंत बस आली नाही, तर आधी कोणाची शाळा सुटते? मुलीची.

दुसरी गोष्ट. शिक्षणावरचा खर्च मुख्यतः पगारांचा असतो. त्यामुळे काटकसर करायची तर तरतुदीला कात्री लावावी लागत नाही. पद रिकामं ठेवलं, किंवा पगाराऐवजी मानधन दिलं, की झालं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये मिळत होते. मग ते १६,००० झाले. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला. अनुदान मात्र पुढे वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्यानं येत राहिलं. शब्द काढायला पैसे लागत नाहीत.

आता सुशिक्षितांचं एक आवडतं वाक्य : ‘सगळं लाडक्या बहिणींना दिलं, शाळांना काय उरणार?’ या योजनेला २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटी होते, खरं आहे. पण ते १,५०० रुपये घेणारी बाई बहुधा त्याच शाळेतल्या मुलाची आई आहे. आई आणि मूल यांना एकमेकांविरुद्ध उभं करू नका. माझा आक्षेप वेगळा आहे. मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले. वसतिगृहं आणि आश्रमशाळा चालवणारे हे विभाग! पुढच्याच महिन्यात शक्तिपीठ महामार्गासाठी २० हजार कोटींहून अधिक रकमेला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. ताण तेव्हाही होताच. मग ‘परवडत नाही’ हे वाक्य नेमकं कोणाच्या दारात उच्चारलं जातं, ते बघा.

हा वाद जुना आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं : महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत व सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. साम्राज्याला जे जमलं नाही, ते एका संस्थानानं केलं. तिजोरी तर साम्राज्याचीच मोठी होती.

मागणी साधी आहे. शासनानं ‘परवडत नाही’ म्हणणं सोडावं आणि ‘आम्ही हे निवडलं, ते निवडलं नाही’ असं म्हणावं. कोणत्या शाळेत किती पदं रिकामी ठेवली, त्यातून किती पैसे वाचले, ते कुठे गेले, हे अर्थसंकल्पासोबत जिल्हावार छापावं. त्यानं तूट भरून निघणार नाही, हे मला कळतं. पण निवड म्हणून सांगितलेल्या गोष्टीची कारणं मागता येतात, ग्रामसभेत तिच्यावर बोलता येतं, मतदान करताना ती आठवता येते.

इथे थांबतो. आता तुम्ही विचारा.