‘सोडणे’ या क्रियापदाबद्दल

मुरळीवर लिहिणारे आपले बरेच जण एक वाक्य हमखास लिहितात : ‘ती मुरळी झाली.’ पाऊस झाला, तसं हे झालं. कुणी केलं, ते वाक्यात नाही. माझा आक्षेप या ‘झाली’ला आहे.

बोलणारी माणसं असं लपवत नाहीत. आंबेगावात धामणीला खंडोबा आहे. तिकडची म्हातारी माणसं सरळ म्हणतात, ‘पोर देवाला सोडली.’ मूल होईना म्हणून नवस. झालेली पोर देवाची. भंडारा उधळायचा, खंडोबाशी लग्न लावायचं. देवाच्या नावानं वळू सोडतात, तशी पोर सोडतात. क्रियापद एकच.

देवाच्या कामाला माणूस लावायची दुसरीही क्रियापदं आहेत. महंताला गादीवर ‘बसवतात’. पुजारी ‘नेमतात’. नेमणं आपल्याला गिरणीत ठाऊक आहे : हुकूम, पगार, रजा. मुरळीला यातलं काय? हातात घोळ आन् रातभर जागरण.

ह्याच मुलखात एके काळी आणखी एक शब्द नांदत होता. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, बहुतेक सगळी बौद्ध. तिथल्या भिक्खूंचा शब्द ‘उपसंपदा’. विनयाप्रमाणे वीस वर्षांखालच्याला ती देत नाहीत. संघापुढे त्याला विचारतात : तू मोकळा माणूस आहेस ना? डोक्यावर कर्ज नाही ना? आईबापांची परवानगी आहे ना? तो स्वतः तीनदा मागतो, मग संघ देतो. तिथं ‘देणे’च्या आधी ‘मागणे’ आहे. ‘सोडणे’च्या आधी पोरीचा शब्दच नाही. ती वाक्यात फक्त कर्म आहे.

देवाला मुली वाहण्यावर मुंबई इलाख्यात 1934 ला कायद्यानं बंदी आली. 2005 ला महाराष्ट्रानं नवा कायदा केला. या दोहोंच्या मधे, 1936 ला, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळ्या, जोगतिणींना ही वाट सोडायला सांगितलं. क्रियापद तेच, कर्ता बदलला. आधी बाप पोरीला सोडत होता. आता पोरीनं सोडायचं होतं.

म्हणून लिहिणाऱ्या दोस्तांनो, ‘झाली’ लिहिण्याआधी कर्ता शोधा. नवस करणारा बाप, भंडारा लावणारा पुजारी, बघत बसलेलं गाव. त्यांना वाक्यात आणा. नाहीतर आपली कथाही त्या पोरीला पुन्हा एकदा सोडूनच देते.